उंबरठ्यावरचं नाक

माझ्या बायकोला वास येईनासा झाला, हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. आता घरात आम्ही दोघंच, त्यामुळे सगळ्यांत शेवटी म्हणजे दुसऱ्या नंबरावर. पण तरी वीस दिवस उशिरा.

संक्रांतीच्या आधी तिला आठ दिवस ताप होता. ताप गेला, खोकला गेला, ती कामाला लागली, आणि मी तो विषय मनातून निकाली काढला. मग एका सकाळी मी मलकापूरच्या बाजारातून भाजी घेऊन घरी आलो तर दारातच करपलेल्या दुधाचा भपका. बायको गॅसपासून दोन हातांवर खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. निवांत. मी पिशवी आपटली.

"अवं, दूध करपलं! नाक आहे का नाही तुले?"

तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "वीस दिवस झाले. मले कशाचाच वास येत नाही."

"मग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही माह्यावरच चिडले असते."

हे खरं होतं. मी तेव्हाही चिडलेलोच होतो, फक्त आता कोणावर चिडावं ते समजेना.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत कारकुनी केली, आणि त्यातली बरीचशी छाननीच्या टेबलावर. लोकांचे प्रस्ताव यायचे, मी त्यातल्या त्रुटी काढायचो आणि परत पाठवायचो. माझ्या टेबलावर येणारा कागद परिपूर्ण असूच शकत नाही, अशी माझी श्रद्धा होती, आणि साहेब लोक त्या श्रद्धेवर खूश होते. निवृत्त झालो तेव्हा टेबल तिथंच राहिलं, छाननी मात्र माझ्याबरोबर घरी आली. चहा कोमट, इस्त्रीला घडी, पोळीला डाग, शेजाऱ्याची गाडी आपल्या फाटकासमोर. सकाळी उठल्यापासून मी शेरे मारत असायचो. बायको म्हणायची, "सही करून शिक्का बी मारा आता." मी तेही मनावर घ्यायचो नाही.

डॉक्टरांना दाखवलं. आधी गावातले, मग अकोल्याचे. दोघांचं मत एकच: तापात नाकातली नस दुखावते, सहा महिन्यांत येईल वास परत, किंवा येणार नाही. जीभ ठीक आहे. खारट, गोड, आंबट, तिखट समजेल. बाकी चव म्हणजे बरीचशी वासच असते, ती जाईल. लवंग, लिंबू, निलगिरी असं काहीबाही रोज हुंगायला सांगितलं. तिनं महिनाभर मनापासून हुंगलं आणि मग डबी देवघराच्या फळीवर ठेवून दिली.

मला वाटलं, चला, यापेक्षा वाईट काय काय होतं लोकांना. नजर आहे, कान आहेत, हातपाय चालतात. वास नाही आला तर काय अडलं? मी तसं बोलूनही दाखवलं.

काय अडलं ते मला चैत्रात समजलं.

आमच्या महालक्ष्म्या वडनेर भोलजीला बसतात, धाकट्या भावाकडे. घर शेती त्याची माझी दोघांची, पण राहतो तो, म्हणून देवही तिथंच. भाद्रपदात तीन दिवस. मधल्या दिवशी जेवण: पुरणपोळी, सोळा भाज्यांची एक भाजी, कढी, वडे आणि जवारीची आंबील. पंगतीला पन्नास माणूस. हा सगळा स्वयंपाक लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून माझ्या बायकोच्या हातचा. मोठी सून म्हणून तो मान तिचा, आणि तिला तो मान फार प्रिय. वर्षभर ती माझी बायको असते, दोघा पोरांची आई असते, कॉलनीतली काकू असते. त्या एका दिवशी ती सगळ्या घराण्याची धनीण असते. पोरं पुण्याहून त्या जेवणासाठी येतात. आईला भेटायला म्हणून येतात असं सांगतात, पण मी छाननी केलेली आहे.

आता गोम अशी की नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवीच्या आधी कोणाच्या जिभेला लागला तर तो उष्टा. पन्नास माणसांची भाजी, पातेलंभर आंबील, आणि मीठ बरोबर पडलं का नाही हे जिभेवर एक थेंब न ठेवता ओळखायचं. जुन्या बायका ते वासावरून ओळखतात. माझी बायकोही तशीच ओळखायची. पातेल्यावर जरा वाकायची, पदर सावरायची, आणि "अजून मूठभर" म्हणायची. मी मनात म्हणायचो, मिठाला कुठं वास असतो? पण तीस वर्षांत तिची कढी कधी अळणी झाली नाही आणि भाजी कधी खारट झाली नाही, हे माझ्यासारख्या माणसालाही कबूल करावं लागतं.

तर चैत्रात आम्ही वडनेरला गेलो होतो, आणि जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून तिनं धाकट्या जावेला सांगितलं, "यंदा महालक्ष्म्यांचं तूच कर बाई. माह्यानं होणार नाही."

जाऊ भली बाई आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "करीन ना बाई," ती म्हणाली, "तुम्ही नुसत्या जवळ बसा."

ते "नुसत्या जवळ बसा" माझ्या बायकोच्या जिव्हारी लागलं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून पूर्ण रस्ता बाहेरच पाहत होती. त्या दिवसापासून घरात काहीतरी विझलं. स्वयंपाक व्हायचा, वेळेवर व्हायचा, पण वरण-भात-पोळी-भाजी असा, कार्यालयीन. मीठ-तिखट मापात असायचं, कारण तेवढं जिभेला समजत होतं. पण ती कढीपत्ता टाकीना. जिरं भाजीना. म्हणाली, "मलेच काही लागत नाही तर कोणासाठी टाकू? तुम्ही तर तसं बी नावंच ठेवता."

आणि एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "मले हे घर बी आपलं वाटत नाही आताशा. दार उघडलं की घराचा एक वास यायचा. आता कोणाच्याही घरात शिरल्यावानी वाटते."

मी घाबरलो. सरळ सांगतो, मी घाबरलो. भांडली असती तर मला चाललं असतं. भांडणाची मला सवय आहे. ही अशी पाहुणीसारखी घरात वावरू लागली तर मी करणार काय?

उपाय मला सुचला नाही. तो तिच्याच एका प्रश्नातून निघाला. एका संध्याकाळी मी फिरून आलो, तर तिनं सहज विचारलं, "बाहेर कसाचा वास येऊन राह्यला आज?"

"कसाचा येणार? नालीचा."

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी म्हणालो, "ट्रकांच्या धुराचा." तिसऱ्या दिवशी शेजारच्यांनी कचरा पेटवला होता, तो सांगितला. वर नगरपालिकेवर पाच मिनिटं बोललो.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आवो, या गावात एखादा चांगला वास बी असन ना? मी तर रोज घेत होती."

मला ते चांगलंच लागलं. म्हणजे मी साठी उलटलेला माणूस, दोन धडधाकट नाकपुड्या बाळगून, अख्ख्या मलकापुरातून रोज तिच्यासाठी काय आणतो तर नाली, धूर आणि कचरा! चौथ्या दिवशी मी ठरवून घराबाहेर पडलो. चांगला वास आणायचा. आणि काय सांगू, स्टेशनापर्यंत गेलो, परत आलो, एक वास मिळाला नाही. वास नव्हते असं नाही. माझ्या लक्षात राहत नव्हते. घाणीचा वास आला की नाक लगेच तक्रार नोंदवायचं. बरा वास आला तर आवक-जावकला नोंदच नाही. शेवटी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाच्या झाडाखाली थांबलो. झाड मोहरलं होतं. त्या झाडाखालून मी अठरा वर्षं जात-येत होतो.

घरी येऊन ऐटीत सांगितलं, "लिंबाच्या मोहोराचा वास आला. छान होता."

"छान म्हंजे कसा?"

"छान म्हणजे... छान."

"असं नाही चालत," बायको म्हणाली. "गोड का कडू? जवळून येते का दुरून? नीट सांगा."

माझा प्रस्ताव त्रुटीसह परत आला होता. आयुष्यात पहिल्यांदा. मी चपला घातल्या आणि परत लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं उभा होतो. परत येऊन सांगितलं की वास गोड आहे, पण मधाचा गोडपणा नाही, त्यात मागून जरा कडवटपणा येतो. आणि झाडाच्या अगदी बुडाशी तो येत नाही, चार पावलं दूर झालं की येतो. ती डोळे मिटून ऐकत होती. "हाव," म्हणाली, "तसाच असते."

मग हा रोजचा कार्यक्रमच झाला. मी वास आणायचो, ती छाननी करायची. फार कडक छाननी. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडल्यावर कूलरमधून येणारा वास तिनं दोनदा परत पाठवला, कारण मी "थंड" म्हणालो होतो. "थंड हा वास नाही," ती म्हणाली. तेलाच्या घाण्याजवळचा सरकीच्या ढेपेचा वास मात्र पहिल्या फटक्यात मंजूर झाला: दमट पोत्याचा, भाजलेल्या दाण्याचा, आणि थोडा गोठ्याचा. शिंप्याच्या दुकानात पाणी शिंपडून इस्त्री फिरते तेव्हा नव्या सुती कापडाचा येतो तो. केळीच्या गाडीवरचा, पिकल्या घडाचा आणि पेंढ्याचा मिळून येतो तो. गावात माझी चर्चा सुरू झाली. किराणावाल्यानं विचारलं, "काका, धने घ्यायचे का नुसते हुंगायचे?" गल्लीतल्या एका बाईनं तर, मी कोपऱ्यावर नाक वर करून उभा दिसलो म्हणून, घरात जाऊन गॅसची टाकी तपासली.

हा धंदा करताना एक गोष्ट घडत गेली, जी मला फार उशिरा दिसली. मला तक्रारीला वेळ पुरेना. वास धरायचा तर थांबावं लागतं, आणि थांबल्यावर इतर गोष्टीही दिसतात. रोज सकाळी भाकरी थापायचा आवाज मी कान असून ऐकला नव्हता. नळाला पाणी येतं, रोज येत नाही म्हणून मी ओरडायचो; येतं तेव्हा पहिल्या तांब्याला ओल्या माठाचा वास असतो, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा तर असं झालं की तिनं दिलेला चहा निवून गार झाला होता, आणि मी तो पीत पीत त्यातल्या आल्याचं वर्णन करत बसलो होतो. ती माझ्याकडे टकमक पाहत होती. मला वाटलं, मिशीला साय लागली असावी.

मात्र घराचा वास मला काही केल्या सापडत नव्हता. ती म्हणाली होती ना, दार उघडलं की यायचा, तो. मी खोली खोली फिरलो. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, तो अंगातच मुरलेला असतो. मग ज्येष्ठात देऊळघाटच्या मावसभावाकडे वास्तुशांती निघाली. तिच्या अंगात उत्साह नव्हता, मी एकटाच गेलो आणि मुक्काम मुद्दाम तीन दिवस लांबवला. परत आलो ती दुपारची वेळ. दार तिनं उघडलं.

"या. ऊन किती लागलं," ती म्हणाली.

"थांब. बोलू नको," मी म्हणालो, आणि पिशवी हातात तशीच धरून दारात उभा राहिलो.

"काय झालं?"

"आला. थांब, जाईन तो." आणि मी भराभर सांगत सुटलो, कारण दोन-चार श्वासांत तो खरंच जाणार होता. "आधी कापूर. देवाजवळचा. मग तवा, लोखंडाचा, भाकरी झाल्यावर निवत असते ना, तसा. न्हाणीतून शिकेकाई येते. कपाटातल्या गोधड्यांचा उन्हाचा वास आहे, तू परवा वाळत घातल्या असशीन. माह्या जुन्या फायलींची धूळ आहे. आणि हिंगाचा डबा. बस. गेला."

ती तोंडावर हात ठेवून उभी होती. मग दाराजवळच खाली बसली आणि रडली. मी पिशवी ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो. शेजारीण पाहत होती. पाहू दे म्हटलं.

"तोच," ती म्हणाली. "हाव. तोच."

संध्याकाळी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून तिनं जाहीर केलं, "महालक्ष्म्यांचं मी करते. वास तुम्ही घ्या."

आषाढापासून माझं शिक्षण सुरू झालं. रोज एकच भाजी दोन पातेल्यांत. एकीत मीठ, एकीत नाही. वर झाकण. मी वाकायचो, झाकण उचललं जायचं, आणि मिठाचं कोणतं ते मी सांगायचो. पहिले आठ दिवस मी सरळ चुकत होतो. मिठाला वास नसतो, हे माझं म्हणणं मी सोडत नव्हतो. ती म्हणायची, "मिठाले नाही, पण भाजीले तर असते ना? बिनमिठाच्या भाजीचा वास नाकातच फिरत राह्यते, कच्चा. मीठ पडलं की तो घशात उतरते." मी म्हणायचो, हे काही शास्त्र नाही. आणि मग एके सकाळी दोडक्याच्या भाजीचा वास चक्क घशात उतरला. मी इतका हरखलो की खुर्चीवरून उठून उभा राहिलो. श्रावण संपेपर्यंत दहात सात-आठ वेळा माझं बरोबर येऊ लागलं. तिनं परत कढीपत्ता टाकायला सुरुवात केली, कारण आता तो कोणाला तरी कळत होता.

वडनेरला जाऊन ही योजना सांगितली तेव्हा भाऊ हसला आणि जाऊ म्हणाली, "बाप्पा! आता दादा रांधणार?" पण खरी अडचण निघाली आत्याची. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढची, नजर अधू, पण घरातल्या सोवळ्या-ओवळ्याचा शेवटचा शब्द तिचा.

"वास घेतला की अर्धं खाल्लं," आत्यानं निकाल दिला. "चालणार नाही."

"मंग मी तीस वर्षं काय करत होती?" बायकोनं विचारलं.

"तू रांधत होती. रांधणारीच्या नाकात आपसूक जाते, त्याले दोष नाही. हा मुद्दाम घेणार."

मी उभ्या आयुष्यात इतका बारीक कायदा पाहिला नव्हता. माझ्या मनात आत्याविषयी आदर दाटून आला. बायकोनं मात्र हार मानली नाही. बराच वेळ वाटाघाटी झाल्या आणि तोडगा निघाला: मी स्वयंपाकघरात यायचं नाही. उंबरठ्याच्या बाहेर, आत पाठ करून उभं राहायचं. वाकायचं नाही, मुद्दाम ओढून घ्यायचं नाही. वारा आपणहून जो वास आणेल तेवढाच माझा.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी सहापासून मी धोतर नेसून उंबरठ्याबाहेर पाठमोरा उभा. ओसरीत येणारे-जाणारे मला पाहून थबकत होते. आत बायको, जाऊ आणि दोन बायका. चुलीवर मोठाली पातेली. पुरणाचा वास पहिला आला, गूळ आणि जायफळ. मी ओरडलो, "गूळ आटत आला, उतरवा!" आतून पळापळ. मग सोळा भाज्या. गवार आणि कारलं नाकात फिरत राहिले, खाली उतरेनात. "कच्ची! मीठ कमी!" तिनं मूठ टाकली. जरा वेळानं उतरल्या. "झाली!" कढी तर पहिल्या वाफेलाच घशात गेली. आतून बायकोचा आवाज येत होता, भराभरा, हुकूम सोडणारा, त्या एका दिवसाचा धनिणीचा आवाज. मी पाठमोरा उभा राहून तो आवाज ऐकत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

मग भावानं परसात वड्यांची कढई चढवली. वारा तिकडून होता.

"आंबील?" बायकोनं आतून विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तिनं आणखी एकदा विचारलं. मी जरा चिडूनच, जुन्या थाटात म्हणालो, "एकदा सांगतलं ना."

नैवेद्य झाला, आरती झाली, पहिली पंगत बसली. सगळे माझ्याकडे पाहत होते. आमच्या घराण्यात दरवर्षी पहिल्या घासाला कमी काय ते सांगायचा मान माझा. मी पुरणपोळी तोडली. तुपाचा वास, जायफळाचा, आणि मागून भाजलेल्या कणकेचा. मी दुसरा घास घेतला. भाजीत मला कारलं वेगळं समजत होतं, भेंडी वेगळी. आंबिलीची वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. दुसरी मागून घेतली. भाऊ माझ्या पानाकडे पाहत होता.

"दादा, आंबील... ठीक आहे ना?"

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. त्यानं पानातलं मीठ चिमटीनं उचलून आपल्या वाटीत टाकलं. त्याला खारट आवडतं, असं मी समजलो.

शेवटची पंगत बायकांची. वाढायला पुरुष. आंबिलीची बादली माझ्याकडे होती. बायको मधोमध बसली होती, थकलेली, केस विस्कटलेले, कपाळावर घाम. तिनं वाटी उचलली, एक घोट घेतला आणि थांबली. जीभ तिची शाबूत होती.

"आवो," ती म्हणाली, "याच्यात मीठ नाही."

जावेनं पानात पाहिलं. माझ्या लक्षात आलं की बाकी प्रत्येकीच्या पानातलं मीठ संपलेलं आहे. पहिल्या पंगतीतही तसंच झालं असणार. पन्नास माणसांना कळलं होतं आणि एकानं तोंड उघडलं नव्हतं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि तिच्या तीस वर्षांच्या हाताला मी बट्टा लावला होता.

"माही चूक," मी म्हणालो. "वड्यांचा वास येत होता. मी उगाच नक्की म्हटलं."

"ते जाऊ द्या. तुम्ही पेले ना आंबील? मंग सांगतलं काऊन नाही?"

"मले समजलंच नाही," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं. "मले लय चांगली लागली. दोन वाट्या पेलो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि ती हसू लागली. असं हसली की ठसका लागला, जावेनं पाठीवर थापट्या मारल्या, आणि मग अख्खी पंगत हसत सुटली. संक्रांतीपासून मी ते हसू ऐकलं नव्हतं.

जरा शांत झाल्यावर जाऊ हळूच म्हणाली, "बाई, पुढच्या साली आंबील तरी मी करू का?"

बायकोनं वाटीत चिमूटभर मीठ टाकलं, बोटानं ढवळलं आणि मला म्हणाली, "सांगा. कसा येऊन राह्यला वास?"

इतक्या माणसांत मी बायकोशी कधी दोन शब्द गोड बोललेलो नाही. बादली खाली ठेवली आणि तिच्या पानासमोर उकिडवा बसलो. "आधी ताक येते," मी म्हणालो, "आंबट, पण तिखा नाही. मग जवारी. कणसातल्या कोवळ्या दाण्यावानी, दुधाळ. मग आलं, ते अगदी मागून. आणि शेवटी कल्हईच्या पातेल्याचा, जरासाच." मी एकेक सांगत होतो आणि ती डोळे मिटून एकेक घोट घेत होती. बायका जेवायच्या थांबल्या होत्या. पंगतीच्या टोकाकडून आत्या म्हणाली, "आमच्याकडं बी ये रे सांगाले. आम्हाले तर नाक असून समजत नाही."

बायकोनं वाटी रिकामी केली आणि जावेकडे वळली. "पुढच्या साली बी मीच करीन. मीठ वाटीनं मोजून टाकीन, कोणाच्या नाकाचं काम नाही." मग वाटी माझ्यासमोर धरली. "तुम्ही नुसतं जवळ उभं राहून सांगत जा, कसं येऊन राह्यलं ते."

मी तिची वाटी भरली.